ट्रान्सजेंडर बंदिवान आणि जेलचं फाटक : इंदूरच्या जेल प्रशासनाला खुलं पत्र

प्रति,
अधीक्षक, केंद्रीय जेल, इंदूर
अधीक्षक, जिल्हा जेल, इंदूर
सचिव, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण, इंदूर
माहितीसाठी : जेल मुख्यालय, भोपाळ

विषय : ट्रान्सजेंडर बंद्यांची दाखल-प्रक्रिया, राहण्याची व्यवस्था आणि औषधोपचार यांबाबत लेखी कार्यपद्धती लागू करण्याविषयी.

महोदय,

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयांत रीतसर दिली जात आहे. मराठीत लिहिण्याचं कारण एवढंच की या शहरात जेलशी कामानिमित्त संबंध येणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत. जिल्हा न्यायालयातले वकील आहेत, एमवाय हॉस्पिटलमधले डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. त्यांनीही हे वाचावं आणि आपापल्या टेबलावरचं काम उचलावं. एरवी 'जेल रोड' म्हटलं की इंदूरकराला मोबाइलची दुकानंच आठवतात.

पुढे जे दोष लिहिले आहेत ते कोणत्याही एका जेलवरचा आरोप नाही. देशभरातल्या जेलांत ते सारख्याच ठिकाणी, सारख्याच कारणांनी घडतात. नियमांचीही वानवा नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१९ चा. केंद्रीय गृह मंत्रालयानं १० जानेवारी २०२२ रोजी सर्व राज्यांना नेमक्या याच विषयावर सूचनापत्र पाठवलं. त्यात झडती, राहण्याची जागा, शौचालय, उपचार, भेटी सगळं आहे. २०२३ चा नमुना जेल कायदा आला, आणि मध्य प्रदेशानं २०२४ मध्ये आपला स्वतंत्र कायदाही केला. तरीही रात्री साडेआठ वाजता पोलिसांची गाडी एका ट्रान्स स्त्रीला (जन्मानं पुरुष मानलेल्या, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्तीला) घेऊन फाटकाशी उभी राहते तेव्हा ड्यूटीवरच्या प्रहरीच्या हातात यातलं काहीच नसतं. तिला कुठे न्यायचं, झडती कोण घेणार, हे तो त्या घटकेला सुचेल तसं ठरवतो. आणि मग बहुतेक वेळा तेच कायम होतं.

म्हणून आमची मुख्य मागणी नव्या धोरणाची नाहीच. फाटकावर टांगता येईल आणि पाळता येईल अशा दोन पानांची आहे.

पहिला प्रश्न नोंदीचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंग आकडेवारीत ट्रान्सजेंडर बंद्यांचा वेगळा रकाना प्रथम २०२० च्या आवृत्तीत आला. त्या वर्षअखेरीस देशातल्या ४,८८,५११ बंद्यांपैकी ७० ट्रान्सजेंडर होते, असं त्यात दिसतं. हा आकडा वाचून कुणी निश्चिंत होऊ नये. वॉरंटवर पोलिसांनी 'पुरुष' लिहिलं की जेलमध्येही 'पुरुष'च चढतं, आणि मग त्या जेलचा ट्रान्सजेंडर रकाना शून्य राहतो. वॉरंटवर काहीही असो, दाखल करताना बंद्याला खाजगीत विचारून वेगळी नोंद करता येते. वॉरंटवरचं नाव कायदेशीर कामासाठी राहू द्यावं. त्यापुढे 'उर्फ' म्हणून रोजचं नाव लिहावं आणि गिनतीच्या वेळी तेच पुकारावं. याला एक पैसाही लागत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून वागणूक अडवू नये. ते जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, त्याला दिवस लागतात, आणि झडती तर आज रात्रीच व्हायची असते. प्रमाणपत्राचा अर्ज नंतर विधिक सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकामार्फत भरून घ्यावा, तशी मदत करावी असं गृह मंत्रालयाच्या पत्रातच म्हटलं आहे.

आता झडती. सर्वांत जास्त अपमान इथे होतो, आणि तो टाळणं सर्वांत सोपंही आहे. प्रथम विचारायचं : झडती स्त्री प्रहरीनं घ्यावी की पुरुष प्रहरीनं? उत्तर रजिस्टरात लिहून त्यावर सही किंवा अंगठा घ्यायचा. मग हातातल्या मेटल डिटेक्टरनं कपड्यांवरून तपासायचं. कपडे उतरवण्याची खरोखर गरज असेल तर आडोसा हवा, फक्त दोन कर्मचारी हवेत, आणि आधी कमरेच्या वरचा भाग तपासून कपडे पुन्हा घालू द्यायचे, मगच खालचा. अंगावरचे सगळे कपडे एकाच वेळी उतरलेले आहेत अशी वेळच येऊ द्यायची नाही. बाकीचे बंदी, नंबरदार (देखरेखीला नेमलेले कैदी), गाडीबरोबर आलेले पोलीस यांपैकी कुणीही तिथे नको. 'नक्की काय आहे ते बघू' म्हणून गुप्तांग तपासणं ही झडती नव्हे. लिंग ठरवण्यासाठी जेलला अशी तपासणी करण्याचा अधिकार नाही, डॉक्टरलाही नाही. निर्वाण (लिंग आणि वृषण काढण्याची पारंपरिक क्रिया) झालेल्या किन्नराला 'दाखव' म्हणणं हा तर सरळ छळ आहे.

केसांचंही इथेच सांगून टाकतो. स्त्री बंद्यांचे केस त्यांच्या संमतीशिवाय कापत नाहीत. ट्रान्स स्त्रियांना तोच नियम लावावा. उवा झाल्या तर औषध आहे. जबरदस्तीनं केस भादरणं आत्महत्येच्या दृष्टीनंही धोक्याचं असतं. बांगड्या, विग, सिलिकॉनचे पॅड किंवा ट्रान्स पुरुषांचा छातीवरचा बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट पट्टा) काढून घ्यायचा तर कारण लिहावं. पॅड आणि बाइंडर यांना चष्म्यासारखं किंवा कमरेच्या पट्ट्यासारखं साधन समजून परत द्यावं. बाइंडर मात्र आठ तासांहून जास्त आणि झोपताना घालू नये, हे डॉक्टरनं सांगायला हवं.

यानंतर येतो तो प्रश्न, ज्यासाठी हे पत्र मुळात लिहावं लागलं : ठेवायचं कुठे?

सध्या दोनच उत्तरं दिसतात. एक, पुरुषांच्या सामान्य बैरकमध्ये. त्याचा परिणाम सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दुसरं, 'सुरक्षेसाठी' एकांत कोठडीत. या दुसऱ्या उत्तरात अधिकाऱ्यांचा हेतू पुष्कळदा चांगला असतो, म्हणूनच त्यावर जरा थांबून बोलायला हवं. एकांतवास ही शिक्षा आहे आणि ती फक्त न्यायालय देऊ शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११ आणि १२ प्रमाणे ती सलग १४ दिवसांहून अधिक असू शकत नाही. शिक्षा तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल तर महिन्याला सातच दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत दिवसाचे २२ तास किंवा जास्त माणसांचा अर्थपूर्ण संपर्क नसणं याला एकांतवास म्हटलं आहे, आणि १५ दिवसांपुढे तो निषिद्ध आहे. म्हणजे गुन्हा सिद्ध झालेल्या कैद्याला न्यायाधीश जेवढं देऊ शकत नाहीत, तेवढं आपण दोष न सिद्ध झालेल्या हवालाती बंद्याला 'काळजी' म्हणून महिनोन्‌महिने देतो. गृह मंत्रालयाच्या २०२२ च्या पत्रातही वेगळ्या व्यवस्थेमुळे बंदी पूर्ण एकाकी पडू नये, असं बजावलेलं आहे.

अडचण खरी आहे, हे आम्ही नाकारत नाही. एका वेळी जेलमध्ये एकच ट्रान्सजेंडर व्यक्ती असेल तर स्वतंत्र वॉर्ड बांधूनही तो तिच्यासाठी एकांतच. म्हणून वॉर्ड बांधून प्रश्न सुटत नाही. रात्र आणि दिवस वेगळे करावे लागतात. रात्री झोपायला कडी असलेली वेगळी खोली. सकाळी कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी ते लागेपर्यंत काम, वाचनालय, कँटीन, प्रार्थना, टीव्ही सगळं इतरांबरोबर, प्रहरीच्या नजरेसमोर. ट्रान्स स्त्रीसाठी हा दिवस स्त्री विभागात घालवणं बहुतेक वेळा सर्वांत सुरक्षित ठरतं. तिथल्या स्त्री बंद्यांची भीतीही ऐकून घ्यायला हवी. पण निर्णय त्या एका व्यक्तीचा गुन्हा, पूर्वीचं वर्तन आणि तिचं स्वतःचं म्हणणं पाहून व्हावा, सरसकट नको. ट्रान्स पुरुषांपैकी अनेकजण स्वतःच पुरुष बैरक नको म्हणतात. त्यांना स्त्री विभागात वेगळी खोली देताना 'मग तू बाईच ना' हा टोमणा ऐकवू नये, आणि पाळीचे पॅड्स न मागता मिळावेत.

किन्नर समाजाबद्दल एक बाब बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. 'सगळे किन्नर एकत्र ठेवले की झालं' हे धोक्याचं आहे. नंदलालपुऱ्यासारख्या वस्तीत डेरे (गुरू-चेल्यांची घराणी) असतात, डेऱ्यांचे इलाके असतात, आणि अटका अनेकदा इलाक्याच्या भांडणातूनच होतात. मग दोन्ही बाजूंच्या व्यक्ती एकाच रात्री फाटकाशी येतात. त्यांना एका खोलीत कोंडलं तर भांडण आत सुरू होतं, आणि नोंद अशी होते की 'किन्नरांचा स्वभावच तसा'. विचारायचा प्रश्न सोपा आहे : तुझा गुरू कोण, आणि आत असलेल्यांपैकी कुणापासून तुला भीती आहे? गुरूचं नाव कळलं की डेरा कळतो.

असे प्रश्न दाखल होताना एकदा, मग सातव्या दिवशी, तिसाव्या दिवशी आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी विचारावेत. पहिल्या रात्री घाबरलेली व्यक्ती 'काही नाही साहेब, चालेल' असंच म्हणते. सातव्या दिवशीचं उत्तर खरं असतं.

अंघोळ उघड्या हौदावर होते. तिथे वीस मिनिटांची वेगळी वेळ आणि त्या आवाराच्या दाराला आतून कडी पुरे. बैरकमधल्या शौचालयाला गुडघ्यापासून खांद्यापर्यंत आडोसा द्यावा. पाय आणि डोकं प्रहरीला दिसतं, बाकीचं झाकलं जातं, आणि गळफासाला टांगण्यासारखं वर काही राहत नाही. दाढीचं मात्र कुणाच्याच ध्यानात येत नाही. स्त्री विभागात न्हावी येत नाही, आणि ट्रान्स स्त्रीच्या चेहऱ्यावर चार दिवसांचे खुंट राहणं ही तिच्या लेखी शिक्षाच. आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं रेझर द्यावा, मोजून परत घ्यावा.

औषधांकडे वळू. जेलच्या डॉक्टरांना उद्देशून जरा सविस्तर.

दाखल झाल्यापासून २४ तासांत विचारा : कोणती संप्रेरकं (हार्मोन) घेता, किती, शेवटचा डोस कधी, शस्त्रक्रिया कोणती आणि कधी झाली. डॉक्टरांची चिठ्ठी नाही म्हणून औषध तोडू नका. बाहेर बहुतेकजणी चिठ्ठीशिवायच घेतात, आणि त्यांतल्या कित्येक माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांवर असतात, काही तर दिवसाला दोन-तीन. माला-डीत इथिनाइल एस्ट्राडायोल असतं आणि त्यानं रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, धूम्रपान करणाऱ्यांत अधिकच. अशा वेळी ते बंद करून एस्ट्राडायोल व्हॅलरेटवर आणणं योग्य. सर्वसाधारण मात्रा रोज २ ते ६ मिलिग्रॅम. जोडीला पुरुषी संप्रेरक दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन रोज १०० ते ३०० मिलिग्रॅम असेल तर सुरुवातीला आणि नंतर दर तीन महिन्यांनी पोटॅशियम तपासा. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो, बैरकमध्ये घाम गळतो, पाणी कमी पडतं. मग या औषधानं चक्कर येते, रक्तदाब उतरतो. ते नाटक नसतं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल.

ट्रान्स पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन असतं. एनन्थेट असेल तर साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी. अनडेकॅनोएट असेल तर १००० मिलिग्रॅम दर बारा आठवड्यांनी. पुढची तारीख वैद्यकीय पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहा. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डोस थांबवून तज्ज्ञाला विचारा.

ज्यांचे वृषण किंवा अंडाशय काढलेले आहेत त्यांची संप्रेरकं बंद करणं तर अजिबात चालत नाही. शरीरात स्वतःचं काही तयारच होत नसतं. अंगातून गरम वाफा, झोप उडणं, खोल निराशा, आणि महिने गेले की हाडं ठिसूळ. पारंपरिक निर्वाणानंतर लघवीचा मार्ग आकसणं नेहमीचं. धार बारीक झाली, जोर करावा लागतो, अशी तक्रार आली की ती 'गर्मी' म्हणून सोडून देऊ नका. लघवी पूर्ण अडली तर तो तातडीचा प्रसंग आहे. योनीची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला डायलेटर वापरावा लागतो, पहिले काही महिने रोज. तो जप्त केला तर मार्ग बंद होतो आणि लाखांची शस्त्रक्रिया वाया जाते. तो औषधाच्या कपाटात नावानं ठेवा, वेळेवर द्या, परत घ्या.

आणखी एक गुंता जेलमध्ये हमखास होतो. क्षयरोगाच्या औषधातलं रिफॅम्पिसिन एस्ट्राडायोलची पातळी खाली आणतं, आणि एचआयव्हीच्या टीएलडी गोळीतल्या डोल्युटेग्राविरचीही. म्हणून क्षय आणि एचआयव्ही दोन्ही असतील तर बारा तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची जादा गोळी द्यावी लागते. दोन वेगवेगळ्या केंद्रांतून दोन वेगळी पाकिटं येतात आणि दोन्ही पत्रकं एकत्र कुणी वाचत नाही. जेलच्या फार्मासिस्टनं ती एकत्र वाचावीत. एचआयव्ही तपासणी संमतीनं व्हावी आणि निकाल फक्त वैद्यकीय फाइलमध्ये राहावा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं हे बंधन जेललाही लागू आहे. बैरकच्या यादीत नावापुढे लाल खूण हा त्या कायद्याचा भंग आहे.

हे सगळं ठीक असूनही उपचार बुडतात ते एका साध्या कारणानं : पोलीस गार्ड मिळत नाही. एमवायची तारीख असते, रक्षित केंद्रातून (पोलीस लाइनमधून) जवान येत नाहीत, कारण त्या दिवशी शहरात बंदोबस्त असतो, तारीख जाते, पुढची महिन्यानंतरची. उपाय दोन. संप्रेरकांचा पाठपुरावा ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवरून करावा, रक्त जेलमध्येच काढून पाठवावं. ज्यांना प्रत्यक्ष नेणं भाग आहे त्यांच्यासाठी आठवड्याचा एक ठरलेला वार ठेवून गार्डची कायमची मागणी रक्षित केंद्राकडे आधीच नोंदवावी.

लैंगिक अत्याचार घडला तर काय करायचं, हेही फाटकावरच्या पानावर असलं पाहिजे. एचआयव्ही रोखणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, शक्य तर पहिल्या दोन तासांतच, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. त्याचा एक पूर्ण संच जेलच्या दवाखान्यात हवा. तपासणीआधी अंघोळ घालू नये. कपडे कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा कुजतो. कायद्यातली पोकळीही मान्य करू. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३७७ नव्या न्याय संहितेत नाही, आणि बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आहे. २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ नं लैंगिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा ठेवली. पण 'कलमच नाही' म्हणून तक्रार परत पाठवता येत नाही. कलम १८ आहे, दुखापत आहे, धमकी आहे, डांबून ठेवणं आहे. आणि हलवायचं असेल तर आरोपीला हलवा. तक्रारदाराला उचलून कोठडीत टाकलं की त्या जेलमधून पुन्हा तक्रार येत नाही, आणि मग अहवालात 'शून्य तक्रारी' असं अभिमानानं लिहिलं जातं. तक्रारपेटीची किल्ली जेलरकडे नको, प्राधिकरणाच्या सचिवांकडे हवी.

भेटींबद्दल. मुलाकातीच्या रजिस्टरात नात्याचा रकाना असतो. घरानं टाकलेल्या माणसाचं नातं गुरूशी, चेल्याशी, डेऱ्यातल्या बहिणीशी असतं. रकान्यात 'गुरू' लिहायला सॉफ्टवेअर अडवत असेल तर 'मित्र' लिहा, पण भेट नाकारू नका. जामिनाचंही असंच. आधारवर जुनं नाव, वॉरंटवर तिसरंच, जामीनदार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. गरीब बंद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून हवालाती बंद्याला जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. ट्रान्सजेंडर बंद्यांची यादी या दोन्हींसाठी दर महिन्याला तपासली जावी.

पेशीच्या, म्हणजे न्यायालयात हजर करण्याच्या, दिवशी जेलच्या बाहेरचे तासही विसरू नका. गाडीत पुढची स्वतंत्र सीट, आणि न्यायालयाच्या हवालातीत पुरुषांच्या गर्दीत कोंडण्याऐवजी स्त्री हवालातीत किंवा प्रहरीसमोर बाकावर बसवणं. जमेल तिथे व्हिडिओवरून पेशी, पण बंद्याला वकिलाशी प्रत्यक्ष बोलायचं असेल तर त्याची इच्छा वरचढ.

काम वाटताना संडास आणि झाडू आपोआप ट्रान्सजेंडर बंद्याकडे जातो, सणाला नाच तिच्याकडून करवून घेतला जातो. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं जातीवरून जेलमधलं काम वाटणं घटनाबाह्य ठरवलं. त्याच न्यायानं हेही बंद व्हायला हवं. प्रशिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. वर्षातून एकदा सभागृहात भाषण आणि चहा-समोसा, यानं काही बदलत नाही. पाळी बदलताना प्रत्यक्ष झडतीचा सराव, वीस मिनिटांचा, महिन्यातून एकदा, तोही समाजातल्या व्यक्तीसमोर, एवढं पुरे.

याच राज्यातल्या सोहागपूरनं २००० मध्ये शबनम मौसी या किन्नर उमेदवाराला विधानसभेत पाठवलं होतं. तेव्हा इथल्या कर्मचाऱ्यांना किन्नर म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. त्यांना हवा आहे अधीक्षकांच्या सहीचा आदेश.

तो तीस दिवसांत निघावा अशी विनंती आहे. आदेशात चारच गोष्टी असल्या तरी चालतील : झडतीची पद्धत, दाखल-वेळेची प्रश्नावली, एकांत कोठडीत ठेवायचं झाल्यास दर ४८ तासांनी अधीक्षकांचं लेखी कारण, आणि संप्रेरकं अखंड चालू ठेवण्याची वैद्यकीय अधिकाऱ्यांची जबाबदारी. प्राधिकरणाच्या सचिवांनी पुढच्या जेल-भेटीत ट्रान्सजेंडर बंद्यांशी प्रहरी नसताना बोलावं आणि एकांत कोठडीचं रजिस्टर मागून पाहावं.

हिंदीतल्या प्रश्नावलीचा आणि झडतीच्या फलकाचा मसुदा सोबत जोडला आहे. फलक दोन फूट बाय तीन फूट, मोठ्या अक्षरांत, फाटकाच्या आतल्या बाजूला, रजिस्टरच्या टेबलावरून वाचता येईल असा लावावा.

आपले,
इंदुरातले काही मराठी भाषक वकील, डॉक्टर आणि समुपदेशक